नर्व्ह ब्लॉकचं वेगळं बिल आलं, भरायचं का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याच्या उजव्या खांद्याचं, रोटेटर कफचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून होतं, संध्याकाळी घरी आलो. पूर्ण भूल दिली होती, पण आत नेण्याआधी भूलतज्ज्ञांनी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हात बधिर केला, यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. ‘आजची रात्र शांत जाईल,’ असं ते म्हणाले आणि तशी ती गेलीही. आता विम्याचा कागद आलाय. भुलीचे पैसे दिले, पण ब्लॉकचे नाकारले. कारण लिहिलंय, ‘ही सेवा आधीच पैसे दिलेल्या दुसऱ्या सेवेत समाविष्ट आहे.’ आणि परवा भूलतज्ज्ञांच्या गटाकडून १,२६० डॉलरचं बिल आलं. नवरा म्हणतो, भरून टाकू, कटकट नको. माझ्या मनात मात्र येतं, गरज नसलेली गोष्ट आमच्या गळ्यात मारली का? जूनमध्ये सासूबाईंचा गुडघा बदलायचा आहे. त्या ७२ वर्षांच्या आहेत, मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर आहेत. त्यांनाही ब्लॉक देणार म्हणतात. ‘नको’ म्हणायला सांगू का?

उत्तर :

ताई, आधी दोन उत्तरं देते, कारण त्यांची तुम्हाला आजच गरज आहे. १,२६० डॉलर इतक्यात भरू नका. आणि सासूबाईंना ब्लॉक नाकारायला मुळीच सांगू नका. अमेरिकेत भूलतज्ज्ञांच्या बिलिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली. तुमच्यासारखी पत्रं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाचली आहेत. घाबरून पैसे भरून टाकणारी माणसंही पाहिली आहेत. त्यातल्या पुष्कळांना एक पैसा भरायची गरज नव्हती.

विमा कंपनीच्या कागदावरचं वाक्य पुन्हा वाचा. ‘दुसऱ्या सेवेत समाविष्ट आहे.’ ब्लॉकची गरज नव्हती, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. नकारांच्या जाती वेगळ्या असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ असं लिहिलं असेल तर डॉक्टरांच्या निर्णयावरच बोट ठेवलेलं असतं. ‘पूर्वपरवानगी घेतली नाही’ हा प्रक्रियेचा वाद. ‘प्रायोगिक उपचार’ म्हणून नाकारलं तर कंपनी तो ब्लॉक अजून सिद्ध मानत नाही. तुमच्या कागदावर यातलं काहीच नाही. कंपनीचं म्हणणं एवढंच की या कामाचे पैसे भुलीच्या रकमेत आले, पुन्हा मागू नका. आणि हे ती तुम्हाला सांगत नाहीये, भूलतज्ज्ञांच्या गटाला सांगतेय. तुमच्याकडे त्याची फक्त प्रत आली.

कंपनी असं का म्हणते, हे समजून घ्या. नंतर फोनवर कोणी गडबडीत काही बोललं तरी गोंधळायला होणार नाही.

भुलीचे पैसे इतर डॉक्टरांच्या फीसारखे मोजत नाहीत. प्रत्येक ऑपरेशनला काही मूळ युनिटं ठरलेली असतात. खांद्याच्या सांध्यावरच्या अशा ऑपरेशनला ती ५ आहेत. त्यात वेळेची युनिटं मिळवतात, मेडिकेअरच्या हिशेबात दर १५ मिनिटांना एक. म्हणजे दोन तास लागले तर ८ आणि ५, एकूण १३. त्याला एका युनिटच्या दराने गुणतात. ऑपरेशन चालू असताना रुग्णाला दुखू नये, तो नीट श्वास घेत राहावा, रक्तदाब जागेवर राहावा, यासाठी भूलतज्ज्ञ जे करतो ते सगळं या एका रकमेत आलं. त्यामुळे हाताचं ऑपरेशन नुसत्या ब्लॉकवर, थोडं गुंगीचं औषध देऊन केलं, तर तो ब्लॉक हीच भूल झाली. त्याचे वेगळे पैसे मागणं म्हणजे एकाच कामाची दोन बिलं लावणं, आणि कंपनीने ते नाकारणं योग्यच.

तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत असं घडलं नाही. ऑपरेशन पूर्ण भुलीखाली झालं. मानेजवळचं इंजेक्शन दिलं नसतं तरी ऑपरेशन पार पडलंच असतं. तो ब्लॉक नंतरच्या रात्रीसाठी होता.

याच फरकावर सगळं उभं आहे. बिलात प्रत्येक सेवेसाठी एक ठरलेला आकडा लिहितात, तो कोड. मेडिकेअरने कोणते कोड एकत्र लावता येतात आणि कोणते नाही, याची एक नियमावली केली आहे. तिला एनसीसीआय म्हणतात. बऱ्याच खासगी कंपन्याही कमीअधिक फरकाने तिच्याच मागे जातात. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे : ऑपरेशनची भूल जनरल (म्हणजे पूर्ण) असेल, किंवा पाठीतून दिलेली स्पायनल वा एपिड्युरल असेल, ती भूल ब्लॉकच्या परिणामावर अवलंबून नसेल आणि ब्लॉक ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी दिला असेल, तर त्याचं वेगळं बिल लावता येतं. तो ऑपरेशनच्या आधी दिला की नंतर, याने फरक पडत नाही. अनेकांना वाटतं, आधी दिला म्हणजे तो भुलीचाच भाग. तसं नाही, कशासाठी दिला हे बघायचं.

पण संगणकाला हे कसं कळणार? त्याला दिसतात ते फक्त दोन आकडे : एकाच दिवशी, एकाच भूलतज्ज्ञाच्या नावावर, एक भुलीचा कोड आणि एक ब्लॉकचा. मानेजवळून खांद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यात एकदा इंजेक्शन दिलं तर तो कोड ६४४१५. नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध सोडत राहिले तर ६४४१६. हे दोन आकडे शेजारी दिसले की संगणक दुसरा आपोआप गाळतो. गाळू नये म्हणून बिल लावणाऱ्याने कोडच्या मागे एक खूण जोडायची असते. तिला मॉडिफायर म्हणतात, इथे ५९ किंवा एक्सयू. ‘हे काम वेगळं आहे, वेदनेसाठी आहे,’ असा तिचा अर्थ. ती खूण राहिली तर उत्तर येतं ते नेमकं तुमच्या कागदावरच्या वाक्यासारखं. ही माझी अटकळ आहे, पण अनुभवातून आलेली. कितीतरी वेळा असं झालं की ब्लॉकची नोंद व्यवस्थित लिहिलेली होती, फक्त इलेक्ट्रॉनिक फाइलच्या भलत्याच पानावर. कोड लावणाऱ्या मुलीला ती दिसलीच नाही, तिने खूण जोडली नाही, आणि दोन महिन्यांनी एका घरात बिल जाऊन पडलं.

दुसरीही शक्यता आहे. खूण लावलेली असेल आणि कंपनीने तरीही नाकारलं असेल, कारण कागद पुरेसे नव्हते. ऑपरेशननंतरची वेदना सांभाळणं हे मुळात सर्जनचं काम मानलं जातं आणि त्याला ऑपरेशनसाठी मिळणाऱ्या रकमेत ते धरलेलं असतं. (सर्जनने स्वतःच ब्लॉक दिला, तर मेडिकेअर त्याला त्याचे वेगळे पैसे देत नाही, ते याच कारणाने.) म्हणून भूलतज्ज्ञाला हे काम वेगळं लावायचं असेल तर सर्जनने ते त्याच्याकडे सोपवलं आणि का सोपवलं, याची नोंद हवी. शिवाय ब्लॉकची स्वतंत्र टिपण हवी : कुठली नस, कुठली बाजू, कुठलं औषध, किती, कशासाठी. पूर्ण भुलीची नोंद भुलीच्या तक्त्यावर असतेच. वेळेचाही हिशेब आहे. गुंगी देण्याआधी ब्लॉकसाठी जी मिनिटं गेली ती भुलीच्या वेळेत धरायची नसतात, कारण ब्लॉकचे पैसे वेळेवर नाही, कामावर ठरतात. आणखी एक बारकावा सांगते. सोनोग्राफीवर नस बघून सुई घालतात, त्याचा पूर्वी वेगळा कोड लागायचा. २०२३ पासून ६४४१५ सह या नेहमीच्या ब्लॉकच्या कोडांतच ती धरली जाते. तुमच्या बिलावर ‘अल्ट्रासाउंड गायडन्स’ अशी आणखी ओळ असेल तर तिच्याबद्दल विचाराच.

इतकं सांगितलं खरं, पण यातलं काहीही दुरुस्त करणं तुमचं काम नाही. मॉडिफायर लावणं, टिपण शोधणं, कंपनीशी भांडणं, हे सगळं भूलतज्ज्ञांच्या गटाचं. तुमच्यापुढे प्रश्न एकच आहे : विमा कंपनीच्या हिशेबाप्रमाणे हे पैसे तुमच्या नावावर आहेत का?

त्यासाठी विम्याचा तो कागद, म्हणजे ईओबी, पुन्हा काढा. त्यात प्रत्येक सेवेपुढे रकान्यांची रांग असते : किती मागितले, किती मान्य केले, किती दिले. शेवटी ‘तुमचं देणं’ अशा अर्थाचा एक रकाना असतो. ब्लॉकच्या ओळीपुढे त्या रकान्यात काय लिहिलं आहे? तुम्ही पत्रात ते सांगितलं नाही, आणि बहुतेक लोक तिथपर्यंत वाचतही नाहीत. नकाराचं वाक्य वाचलं की पुढचं दिसेनासं होतं. पण सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच.

तिथे शून्य असेल आणि गट इन-नेटवर्क असेल, तर विषय संपला. इन-नेटवर्क म्हणजे त्या गटाने कंपनीशी करार केला आहे, आणि कंपनीने ‘समाविष्ट’ म्हणून कापलेली रक्कम रुग्णाकडून वसूल करायची नाही, हे अशा करारांत असतं. कंपनी भूलतज्ज्ञांना जो हिशेब पाठवते त्यात प्रत्येक कापलेल्या रकमेपुढे दोन अक्षरं असतात. ‘सीओ’ असेल तर ती कराराची कपात, गटाने सोसायची. ‘पीआर’ असेल तर रुग्णाचं देणं. ही अक्षरं तुमच्या ईओबीवर बहुधा छापलेली नसतील. म्हणून फोन कराल तेव्हा सरळ विचारा, ‘तुम्ही डॉक्टरांना पाठवलेल्या हिशेबात या ओळीला सीओ आहे की पीआर?’ हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस पाठ केलेली वाक्यं बाजूला ठेवून स्क्रीनकडे बघतो.

इथे एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. गटाने खूण लावून बिल पुन्हा पाठवलं आणि कंपनीने ते मान्य केलं, तर तुमच्या वाट्याला काही रक्कम येऊ शकते. वर्षाचं डिडक्टिबल (विम्याने पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) अजून पूर्ण झालं नसेल किंवा को-इन्शुरन्स (त्यानंतरचा आपला टक्केवारीतला वाटा) लागू असेल तर. ती १,२६० नसेल, कंपनीने मान्य केलेल्या दरावर ठरेल. ती आली तर ते खरं देणं आहे. पण ईओबीवर आज शून्य असताना ‘बिल सुधारून पाठवा’ म्हणून तुम्ही गटाच्या मागे लागायचं कारण नाही. ते त्यांना हवं असेल तर ते करतील, आणि त्यांना मुदत पाळावी लागेल. तुम्ही मागायचं ते इतकंच, की तोवर आमच्याकडे बिल पाठवू नका.

आता दुसरी शक्यता. हॉस्पिटल इन-नेटवर्क, सर्जनही, पण भूलतज्ज्ञांचा गट नाही. तुम्ही भूलतज्ज्ञ निवडला नव्हता, तो त्या दिवशी तिथे होता. याच अन्यायाला आळा घालायला १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस अॅक्ट’ हा केंद्रीय कायदा लागू झाला. इन-नेटवर्क हॉस्पिटलात किंवा शस्त्रक्रिया केंद्रात बाहेरच्या भूलतज्ज्ञाने काम केलं, तर तुमचा वाटा तो इन-नेटवर्क असल्यासारखाच मोजायचा. वरचा फरक तुमच्याकडून मागायचा नाही. काही बाहेरचे डॉक्टर रुग्णाची सही घेऊन हे संरक्षण सोडायला लावू शकतात, पण भुलीच्या बाबतीत कायद्याने तीही मुभा ठेवलेली नाही. त्या सकाळी कागदांच्या गठ्ठ्यात नवऱ्याने अशी काही सही केली असेल, तर त्या सहीला भुलीपुरता अर्थ नाही. न्यू जर्सीचा स्वतःचा असा कायदाही २०१८ पासून आहे. मर्यादा एवढीच की ती सेवा मुळात तुमच्या योजनेत असायला हवी. योजनेने जे कधीच दिलेलं नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. तुमच्या कागदावर ‘समाविष्ट’ हा शब्द आहे, ‘योजनेबाहेर’ नाही, आणि तो तुमच्या बाजूचा आहे.

तिसरी शक्यता, जी मला सगळ्यात कमी वाटते : ईओबीवरच ‘तुमचं देणं १,२६०’ असं असेल. तेव्हा मात्र अपील तुम्ही करायचं. नकार हातात पडल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडे अंतर्गत अपील करता येतं. उपचार होऊन गेलेले असतील तर कंपनीला ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथेही नाही म्हटलं आणि वाद वैद्यकीय निर्णयाचा असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते, आणि तिचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. सोबत तीन कागद लावा : सर्जनची नोंद, ब्लॉकचं टिपण, भुलीचा तक्ता. हे मिळवायचा नवऱ्याला हक्क आहे. हिपा या वैद्यकीय माहितीच्या कायद्याने मागणी केल्यावर साधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागतात. तक्रार कुठे करायची, हे योजना कशी आहे त्यावर ठरतं. नोकरी देणारी कंपनी क्लेमचे पैसे स्वतःच्या खिशातून देत असेल आणि विमा कंपनी फक्त कागद सांभाळत असेल, तर राज्याचा बँकिंग व विमा विभाग त्यात पडू शकत नाही. ते केंद्राच्या कामगार विभागाकडे जातं. योजना कुठल्या प्रकारची आहे, हे नवऱ्याच्या ऑफिसातला एचआर एका वाक्यात सांगेल.

फोनचं सांगते. आधी विमा कंपनीला करा, कार्डच्या मागच्या नंबरवर. ईओबी समोर ठेवा. विचारायचं इतकंच : गट इन-नेटवर्क आहे का, ब्लॉकच्या ओळीवर रुग्णाचं देणं किती, सीओ की पीआर. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून घ्या. देणं शून्य असेल तर त्यांनाच म्हणा की तुम्ही गटाला फोन लावा, मी लाइनवर थांबते. कंपन्या हे करतात, लोक मागत नाहीत. त्यानंतर गटाला पत्र पाठवा. त्यात लिहा : ‘अमुक तारखेच्या ईओबीनुसार या सेवेवर रुग्णाचं देणं शून्य आहे. प्रत सोबत जोडली आहे. आम्हाला हे बिल मान्य नाही. वाद मिटेपर्यंत खातं थांबवून ठेवा आणि वसुलीकडे पाठवू नका.’ पत्र नुसतं ऑनलाइन पोर्टलच्या चॅटमध्ये लिहू नका. पोच मिळेल असं टपालाने पाठवा आणि एक प्रत घरी ठेवा. विमा कंपनीशी बोलताना नवरा शेजारी असू द्या. क्लेम त्यांच्या नावाचा आहे, त्यांनी परवानगी दिल्याशिवाय तुमच्याशी बोलणार नाहीत.

नवऱ्याची ‘कटकट नको’ मला कळते. खांदा बांधलेला, झोप नीट नाही, वर हे पत्र. बहुतेक त्यांना क्रेडिट स्कोअरची धास्ती असेल. तीन मोठ्या क्रेडिट संस्थांनी जुलै २०२२ पासून न भरलेलं वैद्यकीय बिल वसुलीला गेल्यावर एक वर्ष होईपर्यंत अहवालात दाखवणं बंद केलं. २०२३ पासून ५०० डॉलरच्या आतलं वैद्यकीय देणं तर दाखवतच नाहीत. म्हणजे तुम्हाला लढायला वेळ आहे. उलट एकदा भरले की चक्र उलटं फिरतं. मग गटाला घाई नसते, परताव्यासाठी तुम्ही महिनोन्महिने फोन करत बसता. मी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला होते. भरलेले पैसे परत द्यायला जितका वेळ लागायचा, तितका न भरलेलं चुकीचं बिल रद्द करायला कधीच लागला नाही.

‘गळ्यात मारलं का?’ असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न मी हलक्यावर घेत नाही. खांद्याचं ऑपरेशन ही नंतर फार दुखणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक. एका इंजेक्शनचा परिणाम साधारण अर्धा दिवस ते एक दिवस टिकतो. त्या वेळात ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या कमी लागतात, मळमळ कमी होते, आणि संध्याकाळी घरी जाता येतं ते बरंचसं त्यामुळेच. त्या रात्री तुमचा नवरा झोपला, ते ब्लॉकमुळे. ब्लॉक हा खांद्यासाठी पुरेसा रुळलेला उपचार आहे. त्यात कोणी फसवलं, असं मला दिसत नाही. पण आत नेण्याआधी, माणूस गाउनमध्ये पडलेला असताना, पाच मिनिटांत एवढा निर्णय घ्यायला लावणं, आणि त्याचं वेगळं बिल येऊ शकतं हे न सांगणं, याबद्दलची तुमची चीड रास्त आहे. ती तक्रार गटाला वेगळ्या पत्रात कळवा. बिलाच्या पत्रात ती मिसळू नका, नाहीतर उत्तर तिचंच येईल आणि बिल तसंच राहील.

आता सासूबाई. त्यांच्या बाबतीत तर नियम लिहिलेलाच आहे. गुडघा बहुधा कमरेतून भूल देऊन, म्हणजे स्पायनलवर बदलतील आणि मांडीत ब्लॉक देतील. स्पायनलसोबत वेदनेसाठी दिलेला ब्लॉक मेडिकेअर वेगळा मान्य करतं, पूर्ण भुलीसोबतही. मॉनिटर्ड केअर, म्हणजे नुसती देखरेख आणि गुंगीचं औषध, अशी भूल असेल तर मात्र करत नाही. गुडघ्यासाठी हल्ली बहुतेक ठिकाणी मांडीच्या मधल्या भागातल्या अॅडक्टर कॅनालमध्ये ब्लॉक देतात. त्याने वेदना कमी होते, पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद बरीचशी शाबूत राहते. त्यामुळे त्या लवकर उभ्या राहून चालायला लागतील. ७२ व्या वर्षी ओपिऑइडमुळे येणारा गोंधळ, बद्धकोष्ठता, तोल जाऊन पडणं, यापेक्षा हे कितीतरी बरं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ब्लॉकसाठी आणि स्पायनलसाठी ते फार महत्त्वाचं आहे.

पैशाचं म्हणाल तर मूळ मेडिकेअरमध्ये भूलतज्ज्ञाची फी पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या फीचा जो भाग आहे, त्यातून जाते. डिडक्टिबलनंतर मान्य रकमेच्या २० टक्के त्यांच्याकडे येतात, आणि मेडिगॅप ही पूरक पॉलिसी असेल तर त्यातला बहुतेक भाग ती उचलते. आणि हे लक्षात ठेवा : कोड एकत्र आले म्हणून मेडिकेअरने ब्लॉक नाकारला, तर ते पैसे रुग्णाकडे मागताच येत नाहीत. त्यासाठी आधी सही घेतलेली सूचना, म्हणजे एबीएन, दाखवूनही नाही. सासूबाईंची योजना मेडिकेअर अॅडव्हांटेज, म्हणजे खासगी कंपनीतर्फे चालणारी मेडिकेअर असेल तर पूर्वपरवानगीचे नियम त्या कंपनीचे असतील, म्हणून त्यांचं कार्ड नीट बघा. १ जानेवारी २०२५ पासून आणि २०२७ च्या अखेरपर्यंत ‘नोपेन’ कायद्याखाली मेडिकेअर बाह्यरुग्ण शस्त्रक्रियेत ओपिऑइड नसलेल्या काही वेदनाशामक औषधांचे आणि उपकरणांचे पैसे हॉस्पिटलला वेगळे देतं. ब्लॉकमध्ये वापरतात त्या लांब परिणामाच्या बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचाही त्यात समावेश आहे. इतकी वर्षं हॉस्पिटलं ‘परवडत नाही’ म्हणून जे टाळायची, त्यातलं काही आता विचारण्यासारखं झालं आहे. सर्जनला विचारून बघा.

ऑपरेशनपूर्व भेटीला तुम्ही सोबत जा. सर्जनला म्हणा, ‘ब्लॉक वेदनेसाठी भूलतज्ज्ञांनी द्यावा, अशी तुमची नोंद फाइलमध्ये असू द्या.’ भूलतज्ज्ञांच्या ऑफिसला विचारा, भूल कुठली आणि ब्लॉक कुठला. सासूबाईंना मराठीत समजावून सांगा की पाय काही तास जड वाटेल, एकटीने उठायचं नाही. आणि ब्लॉक उतरायला लागायच्या आधीच, दुखायची वाट न बघता, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सुरू करायच्या. खांद्याच्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला एकदम कळ आली असेल, तर ते याच कारणाने.

ईओबीवर ब्लॉकच्या ओळीपुढच्या शेवटच्या रकान्यात शून्याऐवजी दुसरा आकडा निघाला, तर त्या पानाचा फोटो पाठवा, नाव आणि सदस्य क्रमांक झाकून. अपिलाचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.